पात्यातलं भोक

चितेगाव,
१० एप्रिल २०१६

चि. सोनियास आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पाडव्याच्या पूजेला ठेवून गेलेलं तुझ्या नकली पायाचं नवं पळायचं पातं सत्यमच्या टँकरवर धाडतोय. नुसतं हळद-कुंकू लावून नाय, पक्कं करून. परवा गॅरेजसमोर तू पळून दाखवलंस, तवा ते पावलागणिक इतकं वाकत होतं की माझा जीव टांगणीला लागला. पैठण रोडवर तुझा पाय गेला तवा मीच तुला उचलून आणलं. पुन्हा पडलेली बघवणार नाय. म्हणून पात्याला भोक पाडून मागून गाडीखालच्या कमानपाट्याचा पातळ पाटा लावला अन् बोल्ट आवळला. या दुष्काळात पाण्याच्या टँकरची कमान बसली की आम्ही हेच करतो, एक पाटा वाढवतो. आता बिनधास्त पळ!

घण मारून मारून माझे कान गेले, फोनवर काय कळत नाय. चिठ्ठीच लिही. मावशीकडं नळाला पाणी येतंय का, तेही कळव.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा आप्पा, कडुबा

हर्सूल,
१३ एप्रिल

ती. आप्पांना सोनियाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आप्पा, काय करून बसलात हो! पिशवी उघडली अन् मी रडलेच. पातं बसवून देणाऱ्या नीरजा मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, हे लोखंड नव्हे, कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवलेत. भोक पाडलं की धागे तुटतात आणि तिथूनच तडा जातो. पळताना कधीही मोडेल म्हणे. अन् ते वाकायलाच हवं होतं! तुमचा पाटा भार झेलतो. हे पातं वाकतं अन् सुटताना मलाच पुढं ढकलतं. माझं वजन बघूनच ते निवडलं होतं.

पंधरा मेला शंभर मीटरची निवड आहे. पहिल्या दोघीच पुढं जाणार. तोवर दुसरं येत नाही. मॅडमकडं देवेश नावाच्या धिप्पाड गड्याचं जुनं पातं पडून आहे, तेच लावणार. लई कडक आहे. माझ्या वजनाला वाकत नाही, फळीवर पळाल्यासारखे गुडघ्याला हादरे बसतात. पण पळणार म्हणजे पळणार. तुमच्यावर रागावलेय, लपवत नाही.

मावशीकडं आठवड्यातून एकदा पाणी येतं. समोर मात्र नव्या सोसायटीचा तिसरा मजला चढला.

राग आहे तोवरही लोभ धरावा.
सोनिया

चितेगाव,
१८ एप्रिल

चि. सोनियास अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून घास उतरला नाय. गाडीची कमान वाकली की खोट, एवढंच मला ठावं. तुझ्या पायालाही तेच लावलं. तुला आधी विचारावं, हे सुचलंच नाय. चुकलो बाई.

सोबत माझ्या ड्रिलची चावी धाडतोय. ती नसली की बिट आवळता येत नाय, भोक पडत नाय. निवड होईस्तोवर तुझ्यापाशी ठेव. भोकाचं काम आलं तर काकासाहेबाच्या दुकानात जाईन. तो हसतोय, हसू दे.

मी बघायला येणार. पडलीस तरी मैदानात शिरणार नाय. तुझी तू उठशील.

लोभ कर म्हणायला तोंड नाय, तरी कर.
आप्पा

हर्सूल,
१६ मे

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

सत्यमचा टँकर निघाला म्हणून काल शर्यतीआधीच तुम्हाला जावं लागलं. किती चुटपुट लागली मला!

सकाळी सरावात आपटले, तेव्हा तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरून बसला होतात. ओठ आवळलेले दिसले. आला नाहीत, बरं केलंत. महिनाभर रट्टे खाऊन मला देवेशच्या त्या कडक पात्याची खोड कळलीय. हळू पळणारीला ते दाद देत नाही, जीव खाऊन पळलं तरच थोडं वाकतं. मग काय, पळाले जीव खाऊन. शेवटच्या वीस मीटरला त्यानं मला असं काही ढकललं, मी ओरडलेच!

आप्पा, दुसरी आले. निवड झाली!

तुमची चावी परत धाडतेय. काकासाहेबांचं हसणं बंद करा. माझं नवं पातं दसऱ्याच्या आत येतंय. खंडेनवमीच्या पूजेला ते घेऊन येईन, अन् रात्रभर तुमच्याच दुकानात, ड्रिलच्या शेजारी ठेवून मी घरी झोपायला जाईन.

लोभ होताच, आता वाढवावा.
तुमची सोनिया