मारुतीचं ‘भारनियमन’

प्रिय मारुती,

तुझ्यामुळे गेले नऊ दिवस मला टेबलाखाली पाय पसरता येत नाहीत. ही तक्रार मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो आहे. वहिनींनी तुझी लष्करातली काळी ट्रंक टेम्पोत घालून माधवनगरला पाठवली आणि वर निरोप दिला, “ह्यातलं आमच्यात कुनाला कळत न्हाई, तुमी लिवनारं मानूस हायसा.” लिहिणाऱ्या माणसाला गुडघेही असतात, हे त्यांना कोण सांगणार? आता लेखणी उचलली की पाय तुझ्या अकरा रचनांवर आपटतात.

पण पत्र लिहितोय ते ट्रंकेमुळे नाही. परवा सांगलीत तुझी शोकसभा झाली. फ्लेक्सवर तू ‘सूरसम्राट’ होतास. सात वक्ते बोलले. त्यातल्या सहांनी तुझी एक ओळही ऐकलेली नव्हती. एकाने तू सनई उत्तम वाजवायचास असं सांगितलं. ते बिचारे अज्ञानाने खोटं बोलले. सातवा मी होतो. मी समजून-उमजून बोललो. तुझ्या ‘भारनियमन’ या रचनेचा शेवट लोकांना ऐकायला मिळाला नाही, याला आष्ट्याचे बाबूराव बँडवाले जबाबदार आहेत, हे मी पुन्हा एकदा सांगितलं. सभेने हळहळ व्यक्त केली.

तू शिकलास तरी कसा, याचं मला अजून नवल वाटतं. कुंडलची पोरं पलटणीत जातात, बंदूक घेतात. तुला पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट मिळालं. पहिल्या सुट्टीत आलास तेव्हा पाच रेघांच्या कागदावर टिंबं काढून दाखवत होतास. “दिनू, चार सूर येका टायमाला चार वाटांनी जात्यात आन भांडत न्हाईत. आमच्या भावकीत हे कवा झालं न्हाई.” मी हसलो. ते वाक्य पुढे माझ्या सदरात वापरलंही. तुझं नाव न घालता.

पेन्शन घेऊन आलास आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत बसून लिहायला लागलास. बाहेर उसाला पाणी, आत तू. साताऱ्याच्या एका संगीत मंडळाला रचना पाठवलीस, तर त्यांनी विचारलं, राग कोणता? पुण्यातल्या पाश्चात्त्य संगीतवाल्यांना पाठवलीस, तर ते म्हणाले, लोकसंगीताचा वापर गोड आहे. तुझ्यात लोकसंगीत होतं कुठे रे? जन्मभर परेडच्या मैदानात उभा राहिलेला माणूस तू. पण पत्त्यावर कुंडल दिसलं की लोकांना ढोलकी ऐकू येते.

मग तू बाबूरावांना गाठलंस. पितळी वाद्यं आणि क्लॅरिनेटं एका जागी सापडतात ती लग्नाच्या बँडमध्येच, हे तुझ्याशिवाय कुणाला सुचलं असतं? चातुर्मासात लग्नं नसतात, बँड रिकामा असतो. त्या चार महिन्यांत तू कानाने वाजवणाऱ्या चौदा माणसांना टिंबं वाचायला शिकवलंस. तुळशीच्या लग्नानंतर ते वरातींना पांगणार, म्हणून कार्यक्रम त्याच्या चार दिवस आधी. निवेदक कोण? तुझा नामवंत विनोदी मित्र.

‘भारनियमन’मध्ये शेवटाकडे वीज जाते. सगळी वाद्यं एकदम थांबतात. वीस मात्रा काहीही नाही. मग एकटं क्लॅरिनेट. तू समजावलं होतंस, “मोटार बंद पडली तरी पाटातलं पानी जरा येळ चालतंच की. त्यो आवाज लिवलाय.” समोर उभं राहून हात हलवायला तू तयार नव्हतास. “मी मोजत बसलो तर ऐकनार कवा?” मोजणं आणि ते शेवटचं क्लॅरिनेट, दोन्ही बाबूरावांवर सोपवलंस आणि शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसलास.

वीज गेली. सभागृह गप्प झालं. दहाएक मात्रा गेल्या असतील. मागून कुणीतरी म्हणालं, “खरंच लाईट गेली का रं?” सगळे हसले. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. शाल-नारळाचं ताट माझ्या शेजारी. आणि मला, मारुती, तुझी लाज वाटली. तू वेडा ठरणार आणि मी वेड्याचा मित्र, एवढंच दिसलं. मी माईक धरला आणि म्हणालो, “वीज मंडळाच्या कृपेने रचना इथे समाप्त होते.” टाळ्या कडाडल्या. माझ्या वाक्याला.

बाबूरावांनी ओठाला लावलेलं क्लॅरिनेट खाली घेतलं, ते मी पाहिलं होतं.

बाहेर तू विचारलंस, “काय झालं रं?” डोळे ओले होते तुझे. मी म्हणालो, “बाबूराव मोजायला चुकले. तीस-पस्तीस मात्रा तरी झाल्या असतील. मला वाटलं, विसरले, म्हणून सावरून घेतलं.” तू विश्वास ठेवलास. का ठेवलास? पलटणीत एवढी वर्षं काढून माणूस ओळखता येत नव्हता तुला? पुन्हा आष्ट्याला गेला नाहीस. दुसरा बँड मिळाला नाही. चार वर्षांत आणखी तीन रचना लिहिल्यास, कुणासाठी ते तुलाच ठाऊक, आणि मार्चमध्ये खोपीतच गेलास.

काल मी आष्ट्याला गेलो. बाबूराव बँडच्या गाळ्यात कोटांची बटणं शिवत बसले होते. शोकसभेतलं माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतंच. मी उभ्यानेच सांगितलं, “बाबूराव, तुम्ही चुकला नव्हता. मी मधे बोललो, आणि मारुतीला तुमचं नाव सांगितलं.”

त्यांनी दोरा दातांनी तोडला. “मला म्हाईत हाय की. मोजत अठरापत्तुर आलतो मी.”

“मग त्याला कधी बोलला का नाही?”

“आवं, काय बोलायचं? मास्तरांचा जल्माचा दोस्त तुमी. माझं खरं झालं असतं तर तुमी गेला असता त्यांच्या हातनं. वाजवनारा कुनीबी घावतोय.”

मी जन्मभर लोकांना टोचून जगलो. मला कुणी इतकं सहज टोचलं नव्हतं.

येत्या रविवारच्या सदरात मी काय केलं ते लिहून दिलंय, बाबूरावांच्या नावासह आणि विनोदाशिवाय. संपादकांनी फोन करून विचारलं, यात गंमत कुठे आहे. मी सांगितलं, नाही.

बाबूराव चातुर्मासात ‘भारनियमन’च्या तालमी धरणार आहेत. जुन्या चौदातले नऊ उरलेत, नव्या पाचांना ते शिकवतील. निवेदक ठेवायचा नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी शेवटच्या रांगेत बसेन, मारुती, आणि वीसच्या वीस मात्रा तोंड मिटून काढेन. लोक हसले तर हसू देत. नंतरचं पाणी मलाही अजून ऐकायचं आहे.

तुझा,
दिनू