ताईचा सेवागौरव

१२ जानेवारी

सहावं नाव ताईचं!

बैठकीत कुलसचिव यादी वाचत होते आणि मी कागदाच्या कोपऱ्यात कोंबड्या काढत बसले होते. पहिल्या पाच नावांना मान डोलावली. सहावं कानावर पडलं आणि कोंबडीची चोच पार खालच्या ओळीपर्यंत गेली.

‘सेवागौरव’ म्हणे. विद्यापीठाचे मान्यवर, माजी विद्यार्थी आणि आधारस्तंभ यांनी समाजाची जी सेवा केली तिचा गौरव. मी भाषा विभागात शिकवते. आवाज बरा आहे एवढ्या एका गुन्ह्यासाठी विद्यापीठात काहीही असलं की माईक माझ्या हातात आणि मानपत्रं माझ्या गळ्यात. यंदाही तेच.

म्हटलं, “सर, ही शेवटची बाई माझी सख्खी बहीण आहे. तिचं मानपत्र दुसऱ्या कोणाकडे द्या.”

“अरे वा! मग तर प्रश्नच मिटला. अनुक्रमे माहितीही तुमच्याकडेच आणि अनुक्रमे जिव्हाळाही!”

या माणसाचं एकही वाक्य ‘अनुक्रमे’शिवाय उभं राहत नाही. मी मनात त्याला अनुक्रमेच म्हणते.

जिव्हाळा!

१४ जानेवारी

मानपत्रं लिहायला बसले. सिमेंटवाल्यांपासून सुरुवात. त्यांनी ग्रंथालयाची नवी इमारत बांधून दिली. उद्घाटनाला मला विचारत होते, “इथे पुस्तकं कुठे ठेवणार?” मी लिहिलं – ज्ञानाच्या मंदिराचा पाया रचणारे.

माजी मंत्री. ‘आपले माजी विद्यार्थी’ यात माजी तेवढं खरं. तीनदा नापास होऊन गेले ते परत आलेच नाहीत. लिहिलं – पुस्तकी शिक्षणाच्या चौकटीत न मावलेले व्यक्तिमत्त्व. हे त्यांना फार आवडणार.

इस्पितळवाले डॉक्टर. त्यांच्या इस्पितळाचा कारंजा सुंदर आहे. लिहिलं – रुग्णाच्या चेहऱ्यावर हास्य फुलवणारे.

उरलेल्या दोघांना एकच मजकूर. फक्त नावं बदलली. कोणाला कळणार आहे? दीपस्तंभ, वटवृक्ष, अष्टपैलू. किती घासले हे शब्द! वापरून वापरून तळ गेलेल्या पातेल्यासारखे.

ताईचं कोरंच आहे.

१५ जानेवारी

कोरंच.

१८ जानेवारी

ताईचा फोन. सहा महिन्यांनी! आवाजात मध.

“तू लिहितेयस म्हणे माझं? बरं झालं बाई, घरचं माणूस.”

मग दहा मिनिटं संस्थेबद्दल. ज्येष्ठांसाठी तिची ती संस्था – शहराच्या टोकाला दोन इमारती, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना ठेवतात. माहितीपत्रक पाठवलंय. पानोपानी ताई. एक हात म्हातारीच्या खांद्यावर आणि दोन्ही डोळे कॅमेऱ्यावर. मी तिथे कधी गेले नाही. जायची गरजही नाही, फोटोत सगळं दिसतं.

शेवटी हळूच – “आईचाही उल्लेख कर ना कुठेतरी. प्रेरणा वगैरे.”

आई अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कंबरेचं हाड मोडल्यापासून चाकाची खुर्ची आणि पलंग. अकरा वर्षांत प्रेरणेला भेटायला ताई किती वेळा आली, हे मी लिहू का मानपत्रात? येते ती फळं घेऊन. पाऊण तास बसते, अर्धा वेळ फोनवर. भावोजी तर खाली गाडीतच, इंजिन चालू ठेवून. जगाची आजी सांभाळते आणि आपली आई धाकटीच्या गळ्यात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथे घरचंच घोडं बाहेर धाडून दिलंय आणि हिच्या तबेल्याचा सत्कार!

लिहिलं एकदाचं – ‘मातेकडून मिळालेला सेवेचा वसा’. लिहून झाल्यावर हात धुतले. खरंच धुतले.

२१ जानेवारी

आईला कळलं. ताईनेच फोन करून सांगितलं असणार.

“मी येणार हं कार्यक्रमाला.”

“चार तास खुर्चीत बसशील? पाठ धरेल.”

“धरू दे. कुठे जायचंय मला पाठ घेऊन?”

एक्याऐंशीची आहे, जीभ मात्र विशीतली. आता रोज विचारते, मोत्यांची माळ कुठे ठेवलीस? माझ्या पीएच.डी.च्या वेळी हिला मोती आठवले नव्हते. तेव्हा गुडघा दुखत होता.

२७ जानेवारी

सभागृहात तालीम. कुलगुरूंनी खुर्च्यांचा क्रम तीनदा बदलला. माजी मंत्र्यांना मधोमध बसवायचं, पण सिमेंटवाल्यांपेक्षा मोठी खुर्ची नको. डॉक्टरांना खांबाआड नको. विद्यापीठात वर्षभर एवढा विचार कोणी कशाचा केला नसेल.

अनुक्रमे धावत आला, “मॅडम, मानचिन्हावर ‘गौरव’चा ‘गौ’ ‘गो’ झालाय!” म्हटलं, राहू द्या. कोण वाचतंय?

२ फेब्रुवारी

झाला गौरव.

सकाळी आईचं सगळं आवरलं. अंघोळ, कपडे, मोती. केस विंचरायला वेळ लागतो – गुंता होतो आणि ओढलं की ओरडते. आज मधोमध भांग हवा होता, तोही सरळ. पाडला. गाडीत बसवताना माझ्याच कंबरेत चमक भरली. तिला पहिल्या रांगेत ठेवून मी माईकपाशी.

एकेक जण उठला, मान तुकवून पदक घालून घेतलं, फोटो, टाळ्या. माजी मंत्री ‘न मावलेले व्यक्तिमत्त्व’ ऐकून असे फुगले की खरंच मावेनात. सिमेंटवाले पोरांना म्हणाले, वाचन वाढवा. डॉक्टरांनी आरोग्य सांभाळा सांगितलं. सल्ला काय, फुकटच असतो.

मग ताई. तिचं मानपत्र मी वाचलं. स्वच्छ, ठासून, एकही अडखळा नाही. मी माझ्या कामात चोख आहे, कोणी काही म्हणो.

ताई माईकपाशी आली. दोन वाक्यं आभाराची. मग थांबली, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली –

“लोक विचारतात, हे बळ येतं कुठून? माझी आई इथे बसलीय. रोज सकाळी मी आधी तिचे केस विंचरते, आणि मगच संस्थेत पाऊल टाकते.”

आख्खं सभागृह वळून आईच्या केसांकडे बघायला लागलं. मी पाडलेल्या भांगाकडे!

मी आईकडे बघत होते. वाटलं आता तोंड उघडेल. ही बाई दूधवाल्याला सोडत नाही, डॉक्टरांना सोडत नाही. आईने दोन्ही हात वर उचलले आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी! मग तर काय, लोक उठून उभे राहिले. कुलगुरू डोळे पुसत होते. अनुक्रमेसुद्धा.

आणि माईक परत माझ्या हातात. मी म्हणाले, “केस खरोखरच सुंदर विंचरलेत.”

पुन्हा टाळ्या. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी

रात्रभर दात आवळून झोपले असणार. सकाळी जबडा दुखत होता. चहा देताना आईला विचारलंच.

“टाळ्या का वाजवल्यास?”

“मग काय करायला हवं होतं? भर सभेत पोरीचं तोंड काळं करू?”

“खोटं बोलली ती!”

“बोलली.”

“तुझ्या तोंडावर!”

आईने कप खाली ठेवला. “हे बघ. ती काल खोटं बोलली, एकदाच. तू खरं बोलतेस, ते रोज. ताट ठेवताना बोलतेस, चादर बदलताना बोलतेस. काही न बोलताही बोलतेस. भांडी अशी आपटतेस की शेजारच्यांना कळावं, हिची आई अजून आहे.”

मी म्हटलं, “अकरा वर्षं कोणी केलं?”

“तूच. नाही कोण म्हणतंय? देवाने नाही केलं एवढं केलंस. पण पहिल्या वर्षी ती यायची की नाही? आठवड्यातून दोनदा यायची. मला भरवायला बसली की तू येऊन चमचा काढून घ्यायचीस. चादर घातली की तिच्यासमोर उपसून पुन्हा घालायचीस. किती दिवस येईल माणूस?”

सांडत होती ती! अर्धा भात गळ्यावर. चादरीला सुरकुत्या पडल्या की आईच्या पाठीला जखमा होतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मी बघत बसायचं? तिला काय, ती निघून जाणार, निस्तरणार मी. आणि आठवड्यातून दोनदा वगैरे काही येत नव्हती. आली असेल चार-सहा वेळा.

असेल दहा.

ज्या आईने अकरा वर्षं माझं खाल्लं – नको, हे नको लिहायला.

पण म्हणजे काय? जिने हाडं झिजवली ती वाईट, आणि जिने टाळ्या घेतल्या ती बिचारी. उत्तम न्याय आहे!

४ फेब्रुवारी

बोलणं बंद. भांडी अजिबात आपटली नाहीत. मुद्दाम.

८ फेब्रुवारी

आईने ताईला बोलावून घेतलं. मला न सांगता! दुपारी दार उघडलं तर ताई उभी, हातात फळं नाहीत. चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या मुलीसारखा.

मी म्हटलं, “या सेवागौरव. कंगवा आणलाय?”

“बोल,” ती म्हणाली. “तुझा हक्क आहे.”

असं म्हटलं की माणसाला बोलताही येत नाही. फार हुशार आहे ती.

आई दोघींना समोर बसवून म्हणाली, “मला तुझ्या त्या संस्थेत यायचंय.”

ताईचा रंग उडाला. मला हसूच फुटलं. आता काय करशील? रोज केस विंचरतेस ना घरी? लोक विचारतील, आई इथे कशी?

“आई, माझ्या घरी चल ना,” ताई म्हणाली.

“तुझ्या घरी नको, हिच्या घरी नको. मुलींच्या सेवेचा मला कंटाळा आलाय. पगारी बाई बरी. येते, करते, पगार घेते आणि गप्प बसते. मला कोणाच्या उपकाराशिवाय कुशीवर वळायचंय, मरायच्या आधी एकदा.”

मग ताई रडायला लागली. खरं रडली – नाक लाल, शेंबूड, सगळं. मी रुमाल दिला नाही.

म्हटलं, जा. जरूर जा. आठ दिवसांत हाका मारशील मला.

१३ फेब्रुवारी

गेली. कपड्यांची एकच पेटी नेली. निघताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “झोप आता जरा.”

ताई तिला खुर्चीतून गाडीत बसवायला लागली. मी पुढे होऊन म्हणणार होते, असं नाही, आधी डावा पाय. नाही म्हटलं. बघत उभी राहिले. तिने आधी डावा पायच घेतला.

कुठे शिकली कोण जाणे. फोटोत तर असलं काही नव्हतं.

१६ फेब्रुवारी

कुलसचिवांचा आग्रह – सेवागौरव कार्यक्रमाची स्मरणिका काढायची, संपादन मी करायचं. “अनुक्रमे छायाचित्रं, अनुक्रमे मनोगतं.” मी नाही म्हणाले. चक्क नाही! नोकरीत पहिल्यांदाच. तो बिचारा दारात तसाच उभा राहिला, जसं काही मी त्याला चावले.

घरी आले तर करण्यासारखं काहीच नाही. आईच्या पलंगावरची चादर उगीच ओढून सारखी केली. मग स्वतःवरच चिडले आणि विस्कटून टाकली.

२० फेब्रुवारी

आठ दिवसांची मुदत मीच घातली होती. एक आठवडा झाला. आईचा फोन नाही.

लपवत असतील. मोठी माणसं आली की स्वच्छता, एरवी वास. मला माहिती आहेत या संस्था. न कळवता गेलं पाहिजे एकदा, म्हणजे कळेल सेवेचा गौरव काय असतो ते.

२३ फेब्रुवारी

न कळवता गेले. आई खोलीत नव्हती. बाहेर उन्हात पत्ते खेळतेय आणि लबाडी करतेय म्हणे. तिकडे निघाले तर मधल्या एका खोलीचं दार उघडं. आत एक म्हातारी पलंगावर ओकली होती. अंगभर, चादरभर. ताईला घाण घाण शिव्या देत होती. ताई बाह्या दुमडून तिला कुशीवर घेत होती, “हो गं, हो गं” म्हणत तिचं तोंड पुसत होती. आसपास कोणी नव्हतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

ताईने मान वर केली.

“आलीस? तो टॉवेल दे.”

दिला.