तीन मिनिटं पंधरा सेकंद

४ मार्च
दादाने रोल दिला! एकदाचा!

अठ्ठावीस वर्षं त्याच्या कपाटात पडून होता. आईचे शेवटचे फोटो, आणि तेही रंगीत. पंधरा दिवसांत ती गेली. मग रोल धुवायला पाठवायचा दादाला धीरच झाला नाही. उभा जन्म स्टुडिओ चालवला, पण स्वतः धुतले ते काळे-पांढरे. रंगीत बाहेर जायचे. आता बाहेर कुणी धुवत नाही, त्याचे हात थरथरतात. उरलो मी.

"कविराज, बिघडवलास तर तोंड दाखवू नकोस."

बिघडवतो कशाला! आईचा एकही रंगीत फोटो दोन्ही घरांत नाही.

७ मार्च
रसायनं आली. सगळा खेळ दोन गोष्टींचा — पाणी अडतीस अंश, आणि पहिलं रसायन बरोबर तीन मिनिटं पंधरा सेकंद. हात रोल धुवायची डब्याएवढी टाकी हलवण्यात, डोळे थर्मामीटरवर. घड्याळ कोण बघणार? मी कविता म्हणणार. सहावीतली, नदीची. सात कडवी अजून तोंडपाठ! हिने वेळ लावून ऐकली. तीन मिनिटं चौदा सेकंद.

"शेवटी एक सुस्कारा टाका, की झाले पंधरा."

८ मार्च
"अहो, माझ्या कपड्यांच्या बादलीत तुमचं विष नको!" नवी बादली आणली.

९ मार्च
न्हाणीघराच्या फटी चादरींनी बुजवल्या. मिट्ट अंधारात रोल टाकीतल्या चकतीवर चढवला — तीनदा घसरला, चौथ्यांदा बसला. टाकीला झाकण, मग दिवा. रसायन ओतलं, कविता सुरू.

चार कडवी झकास. पाचव्यात नदी डोंगराचा निरोप घेते. तिथे गुरुजींचा आवाज भरून यायचा, ते खिडकीबाहेर बघत थांबायचे. वर्गही थांबायचा. मीही थांबलो! किती वेळ, कोण जाणे.

दारापलीकडून ही ओरडली, "अहो, सहावं कडवं! चार मिनिटं होत आली!" म्हणजे घड्याळ घेऊन उभीच होती, लबाड!

धडपडत ओतून टाकलं. दुसरं रसायन, मग पाणी. रोल दोरीवर टांगला. चित्रं आहेत! छत्तीसच्या छत्तीस! रंग उलटे, चेहरे भुतासारखे — पण आहेत.

१० मार्च
दादाकडे नेला. बारीक बघायला त्याचे डोळे राहिले नाहीत. नुसता खिडकीच्या उजेडात धरला.

"जास्त वेळ ठेवलास."

"हो."

"म्हणून उमटलंय. जुन्या रोलला तेवढं लागतं."

मी फुगलो! वहिनी म्हणाली, "भावजी, आता वर्षभर हेच ऐकवणार!" ऐकवणारच. उद्या सूनबाई मोबाइलवर रंग सुलटे करून देणार आहे.

११ मार्च
फोटोंत दादा, वहिनी, मी, ही, पोरं. सगळे हसतायत, जरा तिरके. आई एकाही फोटोत नाही.

दादा म्हणाला, "एकच काढ म्हणून कॅमेरा दिला होता तिला. विसरलोच होतो मी. तिने परत दिलाच नाही."

तेवीस फोटोंच्या कोपऱ्यात एक बोट आलंय. धूसर, गव्हाळ.