समुद्राकडची खिडकी

अलिबाग, नारळी पौर्णिमेनंतरचा मंगळवार, १९३१

खोबरेल चोळलं तरी हातांची आग थांबत नाही.

आज डॉक्टरसाहेबांनी बाळंतिणींच्या खोलीतली समुद्राकडची खिडकी विटांनी बुजवून घेतली. म्हणे खाऱ्या वाऱ्याने खाटा गंजतात. खाटा! माझ्या जन्माआधी ज्याने हे इस्पितळ बांधलं तो काय वेडा होता? पडल्या पडल्या समुद्र दिसावा म्हणूनच ना त्याने खिडकी गुडघ्याइतकी खाली घेतली?

कोळीवाड्यातली हिरा सकाळपासून कळा देत होती. नवरा होडी घेऊन गेलेला. संध्याकाळी भिंतीकडे बघून रडायला लागली, "बाय, मना त्याचा शीड दिसला पायजे."

गवंडी घरी गेला होता, चुना ओला होता. मी नुसत्या हातांनी विटा उपसल्या. नर्सचं काम आहे का हे? असेल.

एक शीड दिसलं. "तो आमचा न्हाय," हिरा म्हणाली, पण नजर काढली नाही. दिवेलागणीला मुलगी झाली.

नवरा अजून आलेला नाही. म्हणजे उद्याही तिला खिडकी लागणार. डॉक्टरसाहेबांनी विचारलं तर हे चुन्याने भाजलेले हात पुढे करीन. आणि पुन्हा विटा रचल्याच, तर चुना एका दिवसात वाळत नाही, हे आता मला ठाऊक आहे.