अण्णांचं माउथपीस

३ फेब्रुवारी
पुन्हा खाली. मी सूर लावला की अण्णा खाटेवरून बोट खाली दाखवतात. पक्षाघातानंतर त्यांना फार बोलता येत नाही, पण कान शाबूत आहेत. “स्वल्प खाली”, म्हणजे सूर जरा उतरलाय – एवढं मात्र स्पष्ट म्हणतात.
मुंबईच्या वाद्यवृंदाची चाचणी पुढच्या महिन्यात. गेल्या वर्षी त्यांनी कळवलं होतं – ट्रम्पेट छान वाजवता, पण सूर कच्चा. तेव्हापासून बनशंकरीच्या या दोन खोल्यांत मी, अण्णा आणि माझा कच्चा सूर. तोही खिडक्या लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

५ फेब्रुवारी
ओठ सुजलेत. सूर तिथेच.

८ फेब्रुवारी
अहल्याअक्काचा फोन. देवनहळ्ळीहून येणं जमत नाही म्हणाली. अण्णांची थोरली मुलगी ती, पण नेहमीचंच. वर, चाचणीचं खूळ सोड, अण्णांकडे कोण बघणार? आई गेल्यापासून मीच बघते आहे, हे तिला ठाऊक आहे. नोकरीसुद्धा घरातून, त्यांच्या खाटेशेजारी टेबल लावून.
फोन ठेवल्यावर वाटलं, सूर लागलाच नाही तर बरं. म्हणजे जायचं की राहायचं, हे ठरवायलाच नको. असं वाटलं खरं!

१२ फेब्रुवारी
आज ट्रम्पेटचं माउथपीस पुसताना ते मिळालं तो दिवस आठवला. गेल्या वर्षी, चाचणीच्या थोडं आधी. अण्णा दवाखान्यातून नुकते घरी आले होते. लष्करी बँडात त्यांनी सगळी नोकरी ज्यावर केली, ते माउथपीस त्यांनी चांगल्या हाताने माझ्या ओंजळीत ठेवलं. “तुझं हलकं. हे घे.” मी रडले होते. माझं जुनं त्याच आठवड्यात शिकवणीतल्या मुलीला देऊन टाकलं.
आता रोज ते ओठांना लावते आणि वाटतं, त्यांच्यात जे होतं ते माझ्यात नाहीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

एचएसआर लेआउटमध्ये मल्हारकडे सराव होता. हा नागपूरचा, आयटीतला, आमच्या हौशी बँडात माझ्या शेजारी ट्रम्पेट वाजवतो. सूर चढावा म्हणून मी ट्यूनिंगची नळी पूर्ण आत ढकलली होती. ते बघून त्याने विचारलं, आता आणखी कुठे ढकलणार? मग अण्णांचं माउथपीस काढून स्वतःचं लावलं, नळी जराशी बाहेर ओढली आणि म्हणाला, वाजव.
फोनवरच्या ट्यूनरचा काटा मधोमध. वरचा सूर – मधोमध. खालचा – मधोमध. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच!
त्याने दोन्ही माउथपीस आळीपाळीने बसवून, जिथपर्यंत आत जातात तिथे पेन्सिलने खूण केली. अण्णांचं करंगळीच्या नखाएवढं अलीकडेच अडतं. त्याची ट्रम्पेटमध्ये जाणारी दांडी जाड आहे, दुसऱ्याच धाटणीच्या वाद्यासाठी घडवलेली.
“अगं, हे फिटच होत नाहीये. नळी ढकलून एखादा सूर जुळेल, बाकीचे हलणारच. प्रॉब्लेम तुझा नाहीच.”
रिक्षात रडले. आनंदाने नाही. वर्षभर मी ओठांना दोष दिला, श्वासाला दिला, झोपेला दिला. मल्हारने त्याचं जादाचं माउथपीस दिलंय. पर्समध्ये आहे. घरात काढायचं धाडस नाही.

१७ फेब्रुवारी
वाजवलं नाही. अण्णांना कसं सांगू? त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

२० फेब्रुवारी
आज मल्हारचं लावून वाजवलं. अण्णांचं बोट हललं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.
मला वाटलं, दुखावले. जवळ बसून समजावलं – तुमचं चांगलंच आहे अण्णा, फक्त माझ्या ट्रम्पेटमध्ये पूर्ण बसत नाही. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, “ठाऊक होतं.”
मी विचारलं, काय ठाऊक होतं?
“बसत नाही ते. दिलं तेव्हाच.” मग एकेक शब्द जुळवत, “बसलं असतं, तर तू गेली असतीस.”
मी उठले. भात कालवला, भरवला, त्यांचं तोंड पुसलं.

२१ फेब्रुवारी
ठाऊक असून रोज बोट खाली दाखवत होते. रोज.

२४ फेब्रुवारी
अक्काला फोन केला. मी म्हणाले, चाचणीच्या दिवसांत अण्णांजवळ तू राहायचंस. विचारत नाहीये, सांगते आहे. ती म्हणाली, सरी, येते.

९ मार्च
चाचणी झाली. पडद्यामागून वाजवायचं होतं. परीक्षकांनी मध्ये थांबवलं नाही. घरी आल्यावर अण्णांचं अंग पुसताना पहिल्यांदाच मला घाई झाली होती.

२२ मार्च
निवड झाली. अण्णांना सांगितलं. “कधी?” म्हणाले. म्हटलं, एक तारखेला. त्याआधी अक्का येऊन तुम्हाला देवनहळ्ळीला नेईल.
माझा हात धरायला त्यांनी चांगला हात पुढे केला. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.