दोन, एक, पाच

प्रिय आई,

फोन सोडून हिला पत्र लिहायचं काय खूळ सुचलं, असं म्हणतच पाकीट फोडशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. "जेवलीस का, बरं ठेवते, मशीनवर काम पडलंय," एवढ्यात आपलं संपतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय तुला पत्र दोनदा वाचायची सवय आहे, आणि हे दोनदा वाचायलाच हवं.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला बसले होते, पण तसं नाहीये. चार दिवस झाले, माझं बूड एका जागी टेकत नाही. पुस्तक उघडते, मिटते. दोरीवरचे ओले कपडे काढून आणते आणि पुन्हा वाळत घालते. माझ्या खोलीतली मैत्रीण, जिला आम्ही जाड भिंगांमुळे घुबड म्हणतो, ती काल म्हणाली, "बाई गं, एक तर तू बस, नाहीतर मी तरी बाहेर जाते." तू मला लहानपणापासून उतावळी म्हणतेस, पण हे ते नाही. परीक्षेचं भयही नाही. तिसऱ्या वर्षाला आम्हाला खरे पेशंट तपासायला मिळतात, आणि खरं सांगू, मला ते जमतं. चार प्रश्नांत चष्म्याचा नंबर काढते. आमच्या शिकवणाऱ्या बाई कौतुक करतात तेव्हा मान ताठ होते, तुझ्यासारखीच.

पहिल्या वर्षाची सुट्टी आठवते? पंचवीस माणसं तपासून वहीत नोंद करायची होती. बाजूची नजर तपासायची ती परीक्षा, समोरासमोर बसून, एक डोळा झाकून माझ्या नाकाकडे बघायचं आणि मी कडेला किती बोटं धरली ते सांगायचं. बाबांना नाकाकडे बघा म्हटलं की हसू फुटायचं, त्यामुळे ते बाद झाले. तूच आपली काजं करायची थांबवून, गळ्यात टेप तसाच ठेवून स्टुलावर बसायचीस. वीस-वीस वेळा बसायचीस. किती बोटं धरायची ते मला ऐनवेळी सुचायचं नाही, म्हणून मी एक क्रमच ठरवून टाकला होता. वर दोन, खाली एक, पलीकडे पाच, मग पुन्हा दोन. निघायच्या दिवशी शेवटचा सराव केला तेव्हा माझा हात अजून मांडीवरच होता आणि तू म्हणालीस, "पाच." आपण दोघी पोट धरून हसलो. "आता तर तू न बघताच सांगतेस," असं मीच म्हणाले. आणि वहीत सात नंबरला तुझं नाव घालून पुढे लिहिलं, बाजूची नजर उत्तम.

गेल्या सोमवारी माझ्यासमोर एक घड्याळजी येऊन बसले. तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली. केसाएवढा स्क्रू अजून उघड्या डोळ्यांनी बसवतो म्हणाले. मग आलात कशाला, विचारलं, तर ओशाळून म्हणाले, रस्त्यात उभ्या सायकलवर आदळलो. त्यांना बाजूची नजर मोजणाऱ्या यंत्रावर बसवलं. कागद बाहेर आला तो कडेनं सगळा काळा, मध्ये रुपयाएवढं पांढरं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं गुपचूप खात येतो आणि मधलं शेवटपर्यंत लखलखीत ठेवतो. डॉक्टर म्हणाले, पाच-सात वर्षं तरी झाली असतील. घरात कोणाला होता का, विचारल्यावर ते म्हणाले, वडिलांना दिसायचं नाही, पण ते म्हातारपणानं.

आई, आपणही आजोबांबद्दल, तुझ्या वडिलांबद्दल, असंच म्हणतो ना? म्हातारपणानं गेली नजर. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते गं. तूच त्यांचा हात धरून न्यायचीस, पायऱ्या मोजून सांगायचीस. आणि तू चष्मा काढून एका फटक्यात सुईत दोरा ओवतेस, म्हणून घारीची नजर म्हणून आम्ही तुला मिरवतो. पण दाराच्या चौकटीला तुझा डावा खांदा नेहमी लागतो. डाव्या हाताशी ठेवलेला कप तुझ्याच हातानं फुटतो, आणि बाबा "धांदरट बाई" म्हणून केर भरतात. मी डावीकडून आले की दचकतेस. रस्ता ओलांडताना अलीकडे माझा दंड घट्ट धरतेस, मला वाटायचं लाडानं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी मी गावभरचे डोळे तपासत हिंडतेय.

मला राग आलाय, आधी माझा आणि मग थोडा तुझाही. तो क्रम तू मला पास करण्यासाठी पाठ केलास, एवढंच का? की तुला आधीच काही कळलं होतं, आणि मी शिक्षण सोडून घरी येऊन बसेन म्हणून गप्प राहिलीस? उत्तर लिहू नकोस. समोर आल्यावर सांग, किंवा नको सांगूस. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. सात नंबरची नोंद माझ्याच हातानं खोडायला लावली आणि शेजारी सही घेतली.

मी पुढच्या रविवारी घरी येतेय, आणि सोमवारी तुला घेऊन परत निघतेय. मंगळवारी सकाळी नऊला आमच्या दवाखान्यात तुझं नाव लिहून ठेवलंय. शिवणाचं काय, हे आत्ताच म्हणू नकोस. गेलेलं परत येत नाही, यात तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण उरलेलं रोजच्या थेंबांनी राखता येतं, आणि मला ते उरलेलं सगळं हवंय, एक कणही सोडायचा नाहीये. तुला एका अर्ध्या गोल वाटीत तोंड घालून बसवतील. आत कुठेही, कधीही एक बारीक ठिपका लुकलुकतो, दिसला की बटण दाबायचं. त्याचा क्रम पाठ करता येत नाही, तो मलाही ठाऊक नसतो. मी तुझ्या डाव्या बाजूला उभी असेन. दिसलं तरच दाब. नाही दिसलं तर दाबू नकोस, आई. त्यात मी नापास होत नाही.

तुझीच,
उतावळी