क्लाउसच्या जिल्ह्याची नंबरप्लेट

जिझान, गुरुवार संध्याकाळ

इथल्या सौदी रिफायनरीतला माझा जर्मन सहकारी क्लाउस आज कायमचा घरी निघाला. सामान भरून झालं, फक्त टेबलावरची जुनी नंबरप्लेट राहिली होती. तिच्यावर, त्यांच्याकडे असतात तशी, त्याच्या जिल्ह्याची अक्षरं. तो जिल्हा त्याच्या लहानपणीच शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला, पण लोकांनी हट्टाने ती अक्षरं गाड्यांवर परत आणली म्हणे.

मी हसलो. "जिल्हाच उरला नाही, मग अक्षरांचं एवढं काय?"

"तुझा जिल्हा कुठला?" त्याने विचारलं.

"ठाणे," मी पटकन बोलून गेलो. आमचं पालघर ठाण्यातून वेगळं होऊन किती वर्षं झाली! मग ठाणे का आलं तोंडात?

शेवटी प्लेट मीच माझ्या टॉवेलात गुंडाळून दिली. अक्षरांना ओरखडा नको म्हणून एक घडी जास्तच घातली.